पाठीमागून मारलेली हाक

आई, तुम्ही गेल्यावर तेरा दिवस घरातले दोन्ही यंत्रमाग बंद होते. लग्न होऊन या घरात आले त्याला सात वर्षं झाली, पण इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. नळाखालच्या बादलीत थेंब पडला तरी ऐकू यायचा. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या. तुमचा प्रवीण तर पहिले दोन दिवस कानात बोट घालून फिरत होता, म्हणे कानात कापूस भरल्यासारखं वाटून राहिलं. तिसऱ्या दिवशी एक भंगारवाला आला. आपल्या खिडकीशी गाडी लावून त्यानं भोंगा सुरू केला. बसायला आलेल्या सगळ्या बाया दचकल्या, कोणी कानांवर हात ठेवले, तुमच्या बहिणीनं त्याला दोन शिव्याही हासडल्या. आणि जुई, तुमची नात, माझी तीन वर्षांची लेक, त्या खिडकीखालीच आमच्याकडे पाठ करून बसली होती. सुताच्या रिकाम्या कांड्या एका ओळीत मांडत. तिनं मान वर केली नाही. भोंगा गेला आणि बाया पुन्हा बोलायला लागल्या. सगळं घर शांत झालं होतं आणि तिच्या लेखी काहीच बदललं नव्हतं.

हे मला त्या दिवशी कळलं असं नाही. वर्षभर कळत होतं. त्यावरून आपण दोघी किती भांडलो, ते तुम्हाला आणि मलाच ठाऊक.

मी भिवापूरची. आमच्याकडे अंगणातून थेट शेताच्या बांधापर्यंत ओरडून बोलायची रीत. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी चहाचा कप घेऊन समोरच्या खोलीत आले, दोन्ही माग धडाधड चालू, आणि मी आपली "अहो, चहा" म्हणून तीनदा ओरडले. कोणाचं लक्ष नाही. तुम्ही कोपऱ्यात धोट्यासाठी कांड्यांवर सूत भरत बसला होतात. माझ्याकडे बघून हसलात, आणि पाय उचलून फरशीवर दाणकन आपटलात. प्रवीणनं लगेच वळून बघितलं. मग दुपारी लाइट गेल्यावर तुम्ही मला सांगितलंत, "असं बलवायचं वं माणसाले. घसा फाडून काई होत नाही इथं."

त्याच दुपारी तुम्ही मला घरातल्या खुणा शिकवायला घेतल्या. अंगठा ओठाला लावला की पाणी. दोन बोटं झटकन फाकवली की धागा तुटला. तळहात गालाशी नेला की झोप, झोपलाय, झोपू दे. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत ज्या घरात माग चालतात तिथं असंच बोलतात, आपल्या गल्लीत सगळेच असं बोलतात, आणि बाहेरचं माणूस आलं की हसतं. मलाही आधी हसू यायचं. नंतर इतकी सवय झाली की मी शाळेच्या ऑफिसात कामाला जायची, तिथंही हातवारे करून शिपायाला पाणी मागायची.

जुई सहा महिन्यांची होती तेव्हा बबब, ममम करायची, आठवतं? लाइट गेली की मी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन ते ऐकायची. आठव्या-नवव्या महिन्यात ते कमी झालं. कमी होत होत थांबलं. आपण म्हणालो, पोरगी गुणाची आहे, रडत नाही, ओरडत नाही, आईला कामावर जाऊ देते. एक लेकरू बडबड करता करता गप्प झालं आणि आपण त्याचं कौतुक केलं! 

आणि तुम्ही तिला हात दिलेत. मी दिवसभर बाहेर. तिला न्हाऊ घालायच्या, भरवायच्या, मांडीवर घेऊन कांड्या भरायच्या त्या तुम्हीच. दीड वर्षाची झाली तेव्हा तिला तीस-पस्तीस खुणा येत होत्या. नाक उडवून ती तुमच्यासारखीच "नको" म्हणायची. कुठं बाहेर जायचं असलं की दाराकडे बोट, मग डोक्यावरून हात, म्हणजे तुमचा पदर, म्हणजे आजीसोबत जायचं. आजूबाजूच्या बाया बघायला यायच्या. तुम्ही पाय आपटलात की ती अंगणाच्या टोकावरून गर्रकन वळायची आणि तुमच्या तोंडावर काय अभिमान! "इशाऱ्यात सारं समजते वं हिले. शब्दाचं काय, येतीन मागून." पाय आपटल्यावर वळते म्हणजे ऐकते, असं आपण सगळ्यांनी धरून चाललो. फरशीचा हादरा तिच्या तळव्यांना लागत होता, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या कोणत्या घरात आलं असतं की नाही, माहीत नाही. आपल्या घरात यायला जागाच नव्हती.

गेल्या वर्षी मी तिला घेऊन माहेरी गेले. मिरची तोडून आणलेली, अख्खं अंगण लाल. माझ्या भावाची मुलगी जुईपेक्षा दोन महिन्यांनी लहान. ती आपली दिवसभर "आजी, मले दे. आजी, माऊ आली. आजी, बाबा कुठी गेला?" आणि जुई तिच्या तोंडाकडे बघत बसायची, मग माझा हात धरून मला माठाशी न्यायची. सव्वादोन वर्षांची पोरगी, एक शब्द नाही. "आई"सुद्धा नाही. मी मनात म्हटलं, घरी खुणांची सवय आहे, म्हणून. तिसऱ्या दिवशी भाऊ ट्रॅक्टर मागे घेत होता. जुई मिरचीच्या ढिगाशी बसलेली, पाठ करून. आम्ही चौघं एकदम ओरडलो. जुई! जुई! मी माझ्या आयुष्यात इतक्या जोरात ओरडले नव्हते. ती हलली नाही. एक मिरची उचलून उन्हात धरून बघत होती. माझी आई धावली आणि तिनं तिला काखेत उचललं तेव्हा ट्रॉलीचं चाक दोन हातांवर आलं होतं. जुई हसली. तिला वाटलं, खेळ आहे.

संध्याकाळी माझ्या आईनं देवघरातली घंटी आणली आणि तिच्या पाठीमागे उभं राहून वाजवली. डाव्या बाजूला, मग उजव्या. मग माझ्याकडे बघितलं. "वैशू, दवाखान्यात ने हिले. उद्याच ने."

मी नागपूरला परत आले आणि बॅग खाली ठेवायच्या आधी तुम्हाला हे सांगितलं. तुम्ही कांडी हातातून खाली ठेवली नाहीत. "माहेरी नेऊन पोरीले नजर लावून आणली," म्हणालात. मी म्हणाले, तिला ऐकू येत नसेल, आई. तुम्ही म्हणालात, "प्रवीणबी तीन वर्साचा होऊन बोलला. आमच्या घरातले सारेच उशिरा बोलते. तुले काहून घाई झाली?" मी म्हणाले, दोन वर्षांच्या मुलाला दोन-दोन शब्द जोडता येतात, मी शाळेतल्या बाईंना विचारलं. तेव्हा तुमचा आवाज चढला. "त्या बाईले काय समजते? दवाखान्यात नेशीन, ते कागदावर लिहून देतीन. एक डाव मुकी म्हटली का जनमभर मुकीच राहते. मंग तिच्या लग्नाचं तू पाहशीन?" सव्वादोन वर्षांची पोर, आणि तिच्या लग्नाचं! मला इतका संताप आला की मी पाण्याचा तांब्या तसाच ठेवून निघून गेले. मागाचा आवाज चालू होता म्हणून आपण ओरडत होतो. लाइट गेली असती तर अख्ख्या गल्लीनं ऐकलं असतं.

तरी मी तपासणीची वेळ घेतली. ऑफिसातून सुट्टी काढली. त्या सकाळी उठून बघते तर तुम्ही नाही, जुई नाही. पहिल्या एसटीनं तिला घेऊन तुम्ही उमरेडला तुमच्या भावाकडे निघून गेला होतात. संध्याकाळी परत आलात, चेहरा उन्हानं रापलेला, आणि पदराच्या गाठीतून काढलात तो अर्धा कुरतडलेला पेरू. पोपटाचा उष्टा पेरू खाल्ला की लेकरू बोलतं! चार तास तुम्ही भावाच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली बसला होतात, पोपट येईपर्यंत. मग मधात वेखंड उगाळून रोज तिच्या जिभेला लावायचं सुरू केलंत. ती तोंड वाकडं करायची, नाक उडवून "नको" म्हणायची, आणि तुम्ही तिचे गाल धरून लावायचात. मी तुम्हाला त्या दिवशी फार वाईट बोलले. "तुमच्या अडाणीपणापायी माझी पोर वाया जाईल," असं बोलले. तुम्ही पेरूची फोड करून तिला भरवत राहिलात.

खरं सांगू? मी दुसरी वेळ घेतली नाही. तुम्ही अडवलं म्हणून नाही. तुम्हाला कोण घाबरत होतं! मलाच तुमचं खरं व्हायला हवं होतं. रोज कामावरून आल्यावर वाटायचं, आज दारातच "आई" म्हणेल. प्रवीण म्हणाला, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. तो म्हणाला, तिसरा वाढदिवस होऊ दे. तोही झाला. वर्ष असंच गेलं आणि त्याचा दोष मी एकट्या तुमच्याच डोक्यावर घालणार नाही.

आता तो दिवस. प्रवीणनं मला आठव्या दिवशी सांगितलं, तोपर्यंत आतल्या आत कुढत होता. दुपारी दोन्ही माग चालू होते. तुम्ही स्वयंपाकघरात होता, जुई तुमच्याजवळ. ती बाहेर आली, बापाचा शर्ट ओढला आणि खूण केली. डोक्यावरून हात, म्हणजे आजी. तळहात गालाशी, म्हणजे झोपली. त्यानं मान डोलावली, झोपू दे अशी खूण केली आणि धागा जोडत राहिला. थोड्या वेळानं ती पुन्हा आली. तीच खूण. त्यानं पुन्हा झोपू दे म्हटलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं त्याचा हात धरून ओढला, तो रागावला, त्यानं डोळे वटारले. मग ती परत आली नाही. तास-सव्वा तासानं तो पाणी प्यायला आत गेला. तुम्ही ओट्याखाली पडला होतात आणि जुई तुमच्या दंडावर डोकं ठेवून जागी होती.

पडली, अशी खूण आपल्या घरात नव्हती. आजीला काहीतरी झालं, लवकर चला, यासाठी नव्हती. होत्या तेवढ्या खुणांत तिला जे सांगता आलं ते तिनं तीन वेळा सांगितलं. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता. लगेच गेला असाल की नाही ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. प्रवीण अजून मागावर बसला की मध्येच उठून आत बघून येतो.

तेरवी झाली आणि पंधराव्या दिवशी मी तिला घेऊन गेले. कोणाला विचारलं नाही. आधी कानांची तपासणी. तिला औषध देऊन झोपवलं, डोक्याला वायरी लावल्या, मी तिचा पाय धरून बसले. दोन्ही कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नाही, जन्मापासूनच असावं, असं सांगितलं. मग स्पीच थेरपिस्ट मॅडमकडे पाठवलं. तरुण मुलगी, माझ्याहून लहान. तिनं साधे साधे प्रश्न विचारले. सहा-सात महिन्यांची असताना बडबड करायची का? मग थांबली का? वर्षाची झाल्यावर, तुमचा चेहरा दिसत नसताना, नावानं हाक मारली तर बघायची का? दीड वर्षाची असताना शब्द किती होते? दोन वर्षांची असताना? घराबाहेरच्या माणसाला तिचं बोलणं कळतं का? प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. प्रत्येक! मला सगळं आठवत होतं, महिन्यासकट. मॅडम लिहून घेत होत्या आणि मला वाटत होतं, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी त्याला गुणाची पोर म्हणत होते. जिभेत काही दोष नाही, म्हणाल्या. कधीच नव्हता. कानांच्या मशीन लावायच्या, रोज शिकवायचं, त्यानं भागलं नाही तर ऑपरेशनचा विचार करायचा. "उशीर झालाय, ताई. आता एकही दिवस घालवू नका."

मग जुईनं मॅडमकडे पाणी मागितलं. अंगठा ओठाला लावून. मॅडमनी विचारलं, हे कोणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी फार मोठं काम करून ठेवलंय. मनातलं दुसऱ्याला सांगता येतं, एवढं तिला पक्कं माहीत आहे. पुष्कळ मुलांना तेही माहीत नसतं. खुणा बंद करू नका, खुणा करता करता तोंडानंही बोला." आई, मी तिथं ढसाढसा रडले. ज्या बाईला मी अडाणी म्हटलं होतं, तिनं माझ्या पोरीला आत कोंडलं जाण्यापासून वाचवलं होतं. आणि त्याच बाईनं तिचं वर्षही घालवलं होतं. दोन्ही खरं आहे. दोन्हीचं एकदम काय करायचं ते मला अजून जमत नाही.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण गेल्या आठवड्यात मी प्रवीणच्या मोबाइलवर तुमचे व्हिडिओ शोधत बसले. जुईला मशीन लागली की तुमचा आवाज ऐकवू, असं वाटलं म्हणून. एकामध्येही तुमचा आवाज नाही. सगळीकडे मागाची धडधड आणि तुमचे हात. मग एक सापडला. प्रवीणनं माग बिघडला म्हणून मेकॅनिकला पाठवायला फोन टेकवून काढलेला. भिवापूरला जाण्याच्याही आधीच्या पोळ्याचा, जुई तेव्हा वीस महिन्यांची. मध्येच लाइट जाते, माग थांबतात, प्रवीण उठून बाहेर जातो आणि फोन तसाच चालू राहतो. तुम्ही मागच्या कोपऱ्यात दिसता. जुई तुमच्याकडे पाठ करून बसलेली. तुम्ही दाराकडे बघता, कोणी नाही ना, आणि हळूच म्हणता, "जुई." मग जरा मोठ्यानं, "जुई, ए माय." मग टाळी. मग पुन्हा तिचं नाव, इतक्या जोरात की तुमचा आवाज फाटतो. ती वळत नाही. तुम्ही तिच्या पाठीकडे बघत राहता. मग पदर तोंडात घालता आणि कांडी हातात घेता.

तुम्हाला माहीत होतं! मी भिवापूरहून धावत येऊन जे सांगितलं, ते तुम्हाला सहा-सात महिने आधीपासून माहीत होतं. सगळ्यांच्या आधी तुम्हीच ओळखलंत. तशी तपासणी तर डॉक्टरनंसुद्धा पहिल्या दिवशी केली नाही. मग एकदा, फक्त एकदा मला का नाही सांगितलंत? कागदावर मुकी लिहितील, या भीतीनं? की मी तिला कमी माया करीन असं वाटलं तुम्हाला? पोपटाच्या झाडाखाली चार तास बसताना तुमच्या मनात काय चालू होतं, ते मला आता कळतं, आणि राग येतो, आणि तुम्हाला पोटाशी धरावंसं वाटतं. कोणावर ओरडू मी?

मशीन उद्या मिळणार आहे. मॅडम म्हणाल्या, माग बंद ठेवा, खोलीत एकाच माणसानं बोलायचं, पाठीमागून नाव घेऊन हाक मारायची. लगेच वळेलच असं नाही, आठवडे लागतील, आवाज म्हणजे काय हेच तिला आधी शिकायचं आहे. प्रवीण म्हणतो, पहिली हाक आईची लावू, त्या व्हिडिओतली. मी हो म्हणून बसले होते.

पण जुई अजून रोज दुपारी मला विचारते. डोक्यावरून हात फिरवते आणि स्वयंपाकघराकडे बघते. गेली, वारली, यासाठी आम्हाला खूण सुचलेली नाही. म्हणून प्रवीण तळहात गालाशी नेतो. ती मान डोलावते आणि वाट बघत बसते. वळून तिनं मोबाइलवर तुम्हाला बघितलं की तिला वाटेल, तुम्ही उठलात. म्हणून उद्या हाक मी मारणार आहे, आई. तुमची लावणार नाही. रागावू नका. तुम्ही जीव तोडून हाक मारलीत तेव्हा ती वळली नाही. आता कधीतरी ती वळेल, आणि तिथं तुम्ही नसाल.